तीन नंबरच्या खोलीतलं शून्य

घरात तिला कप्पेवाली म्हणायचे. म्हणायची खरी एकटी नणंदच, पण नणंदेचा आवाज असा खणखणीत, की वरच्या मजल्यावरच्यांनीही तेच नाव उचललं. चमच्यांच्या कप्प्यात चमचेच पाहिजेत. डब्यावर साखर लिहिलंय तर आत साखरच पाहिजे. औषधांच्या खणात सुईदोरा सापडला की हिचा पारा चढलाच. आणि नणंद अशी द्वाड, की जाता जाता मुद्दाम चमच्यांत एखादी कात्री टाकून जायची. वर साळसूदपणे विचारायची, "का गं वहिनी, कात्री चमच्यांना चावते का?"

"वन्सं, चावणारं आणखी बरंच काही आहे ह्या घरात," कप्पेवाली म्हणायची, आणि कात्री उचलून आपल्या जागी नेऊन ठेवायची.

बाहेर मात्र ह्या स्वभावावरच तिचं पोट होतं. ती प्रोग्राम लिहायची. तिचं काम सांगायला सोपं, करायला किचकट. एका बाजूला डेटाबेस, म्हणजे माहितीचं भलंमोठं कपाट. त्यातल्या प्रत्येक कप्प्यात काय ठेवायचं ते आधीच ठरलेलं: ह्यात आकडे, ह्यात तारखा, ह्यात अक्षरं. दुसऱ्या बाजूला प्रोग्राम. त्याला त्या कपाटातलं काढून माणसांना दाखवायचं असतं. त्याच्याकडेही आपली भांडी असतात, पण कपाटाचे कप्पे आणि ह्याची भांडी एका मापाची असतीलच असं नाही. ओतताना तारीख उलटी पडते, दशांश गळतात, लांबलचक नाव मधेच तुटतं. त्या सांध्यावर कप्पेवाली डोळ्यांत तेल घालून बसायची.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या माणसानं एकदा लोकांचे फोन नंबर आकड्यांच्या कप्प्यात ठेवले. सुरुवातीची शून्यं उडून गेली आणि एकही फोन लागेना. ती सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, "ह्या नंबरांची बेरीज करणार आहेस? नाही ना? मग तो आकडा नव्हे. अक्षरांत ठेव." त्या माणसानं पुढे कित्येक दिवस तिच्यासोबत चहा घेतला नाही. तिचं काही अडलं नाही. माणसं दुखावली तर चालायचं तिला, कप्पा चुकलेला चालायचा नाही.

नणंद सासर सोडून भावाकडे राहायला आली होती, पण मान खाली घालून नव्हे. सफरचंदांच्या कोल्ड स्टोरेजवर ती देखरेखीला होती. जाड स्वेटर, कानाला पट्टी, कमरेला किल्ल्या. एकेका खोलीच्या दाराशी काचेचा थर्मामीटर टांगलेला असायचा. तो वाचत, दारं उघडून आत डोकावत ती दिवसभर फेऱ्या मारायची. स्वतःच्या पैशाचं खायची आणि ते भावजयीला ऐकवायचीही.

मग मालकाच्या डोक्यात आलं, की खोल्यांचं तापमान स्क्रीनवर दिसलं पाहिजे. काम गेलं नेमकं कप्पेवालीच्या ऑफिसात, आणि ऑफिसानं दिलं तिलाच. खोल्यांत सेन्सर बसले, स्क्रीन भिंतीवर लागला, काचेचे थर्मामीटर निघाले. मालकानं फर्मान काढलं: उगाच दारं उघडायची नाहीत, गारवा वाया जातो, खुर्चीत बसून स्क्रीन बघा.

"माझे पाय काढून घेतलेस तू," त्या दिवशी घरी येऊन नणंद म्हणाली.

"खुर्ची दिलीय तुम्हाला. लोक खुर्चीसाठी मरतात."

"तू मर. मला चालायचं होतं."

तेव्हापासून नणंदेच्या तोंडचं "अगं" संपलं आणि "अहो" सुरू झालं. घरात "अहो" वाढलं की समजावं, भांडण मुरलंय. मधे कप्पेवालीचा नवरा. तो बिचारा पाण्याच्या तांब्यासारखा ताटाशेजारी बसलेला असायचा. कुणी विचारलं तर बोलायचा, नाही विचारलं तर नाही.

एका संध्याकाळी जेवताना नणंद फुशारकीनं भावाला म्हणाली, "दादा, तीन नंबरची खोली काय राखलीय मी! बाकीच्या खोल्या जरा वर, जरा खाली, सारख्या डुलतात. तीन नंबर कालपासून शून्यावर म्हणजे शून्यावर. पापणी हलवत नाही."

सफरचंदाला शून्याच्या आसपासचा गारवा फार मानवतो. म्हणजे बाईला तोरा मिरवायला जागा होती.

"वा," दादा म्हणाला. तोंडात घास होता.

कप्पेवाली मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली. नणंदेला ते खुपलं. "वहिनी, ऐकलंत का?"

"हं."

"काय ऐकलंत?"

"तुमची खोली गुणी आहे."

"शून्यावर आहे म्हटलं. हलत नाही."

"बरं झालं. मीठ द्या इकडे."

नणंदेनं मीठ दिलं, पण पार भावाच्या ताटापलीकडे ठेवलं, हात पुरणार नाही असं. विषय तिथेच संपला.

आणि मग काही दिवसांनी माल न्यायला ट्रक आला. मालकानं स्वतः तीन नंबरचं दार उघडलं. आतून गारवा यायच्या ऐवजी ऊबट, आंबूस भपकारा आला. तळाच्या खोक्यांतून पाणी सुटलं होतं. सफरचंदावर बोट ठेवलं तर बोट आत जात होतं. आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर तीन नंबरच्या चौकटीत हिरवंगार शून्य, जसं काही झालंच नाही.

मालक हुशार होता. हुशार माणूस चुकला की लांबवर चुकत जातो. त्यानं मागच्या दिवसांचा आलेख काढला. बाकीच्या खोल्यांच्या रेघा नागमोडी. तीन नंबरची रेघ पट्टीनं ओढल्यासारखी सरळ, शून्यावर. त्यानं मांडीवर थाप मारली. विरघळणारा बर्फ बरोबर शून्यावर असतो. बाईनं सेन्सर बर्फाच्या डब्यात बुडवला! दार उघडं टाकून कुठे उंडारत होती, आणि आम्हाला शून्य दाखवत होती!

हमाल, वायरमन, ट्रकवाला, सगळ्यांच्या देखत त्यानं तिच्या कमरेच्या किल्ल्या मागून घेतल्या. चोरासारखं बाहेर काढलं.

कप्पेवालीला त्याचा फोन ऑफिसात आला. "मॅडम, तुमच्या प्रोग्राममुळे लबाडी पकडली. उद्या सकाळी इथे या आणि सगळ्यांसमोर एवढंच सांगा, की प्रोग्राम चुकत नाही. पुढे मी बघतो. तुमच्या नातेवाईक आहेत हे मला माहीत आहे, पण..."

"त्याची काळजी नको," कप्पेवाली म्हणाली.

फोन ठेवला आणि खोटं कशाला सांगा, तिला गुदगुल्या झाल्या. कात्री, मीठ, "चमच्यांना चावते का", सगळं एका झटक्यात वसूल झालं. बर्फाचा डबा! वन्संच्या डोक्यातून हे निघूच शकतं असं तिला अगदी पटलं. मग दुसरा विचार आला: नोकरी गेली तर ही बाई दिवसभर घरात. हसू जरा आटलं. पण तेही सोसायची तिची तयारी होती. फक्त पुरावा असा हवा, की वन्संना तोंड उघडायला जागा राहू नये. सेन्सर बर्फात नेमका कधी गेला, ते दाखवून द्यायचं.

म्हणून तिनं प्रोग्राम बाजूला ठेवला आणि थेट कपाटच उघडलं. तीन नंबरच्या ओळी काढल्या. तापमानाचा कप्पा बघितला.

कप्पा रिकामा होता.

शून्य नव्हतं तिथे. काहीच नव्हतं. सेन्सर मुका झालेला, त्यामुळे ओळ आली होती, वेळ लिहिलेली होती, पण तापमानाची जागा कोरी. ओळीमागून ओळ, सगळ्या कोऱ्या. सेन्सर बर्फात असता तर त्यानं शून्य लिहून पाठवलं असतं. ह्यानं पाठवलं होतं ते एवढंच, की मला माहीत नाही.

मग स्क्रीनवर शून्य आलं कुठून? ते तिला विचारावं लागलंच नाही. कोरा कप्पा बघितला तेव्हाच कळलं. तिनं तापमान घ्यायला प्रोग्रामात जे भांडं ठेवलं होतं, ते साध्या आकड्याचं. त्या भांड्याला रिकामं राहता येत नाही, त्यात काहीतरी आकडा असावाच लागतो. आणि कपाट नि प्रोग्राम यांच्या मधे जो दुवा असतो, त्याची रीत अशी: त्याच्याकडे आकडा मागितला आणि कप्पा कोरा निघाला, तर तो शून्य हातावर ठेवतो आणि गप्प बसतो. हे खरं शून्य की कोरा कप्पा, असं लगेच विचारलं तर सांगतो. विचारलं नाही तर नाही. थेट तिच्या नवऱ्याच्या वळणावर गेलेला. तो एक प्रश्न तिनं विचारला नव्हता. फोन नंबरावरून माणसाचा पाणउतारा करणारी ही बाई, "माहीत नाही" आणि "शून्य" एका भांड्यात कालवून बसली होती.

तिनं शेजारच्या टेबलाकडे चोरून पाहिलं. फोन नंबरवाला आपल्या कामात होता.

मग तिनं दुपारभर दुसऱ्या कुणाची चूक सापडते का ते शोधलं. सेन्सर बनवणाऱ्याची असेल. वीजवाल्याची असेल. वीजवाल्याची असेलही, पण सेन्सर बंद पडला ते दाखवणं हेच तर स्क्रीनचं काम होतं. ती सुधारणा केवढी, तर ओळभर. गुपचूप ती ओळ घालावी, उद्या मान डोलवावी, घरी यावं. कुणाला कळणार नव्हतं. मालकाला नाही, ऑफिसला नाही. वन्संना तर नाहीच नाही.

घरी आली तर नणंद आधीच आलेली. स्टोरेजमधलं तिचं सामान पिशवीत: स्वेटर, कानपट्टी, एक कप. डोळे कोरडे. रडली असती तर कप्पेवालीला सोपं गेलं असतं.

"खुश?" नणंदेनं विचारलं.

कप्पेवाली वाकून चपला काढत राहिली.

"मी झोपले नव्हते. कुठे गेले नव्हते. खुर्चीत बसून तुमच्या त्या स्क्रीनचं तोंड बघत होते. उद्या तुम्ही तिथे काय सांगणार ते माहीत आहे मला. सांगा. पण बर्फ म्हणू नका. आळशी म्हणा, मूर्ख म्हणा, मी ऐकून घेईन. लबाड म्हणू नका. उद्या दुसऱ्या कुणाच्या दाराशी काम मागायला जाईन, तिथे माझ्याआधी तो शब्द जाऊन बसेल."

"दादा" खिडकीतून बाहेर बघत होता. दोघींपैकी एकीनंही त्याला काही विचारलं नाही.

सकाळी दोघी एकाच रस्त्यानं गेल्या, दोन वेगवेगळ्या फुटपाथवरून.

स्टोरेजच्या ऑफिसात मालक, वायरमन आणि हमाल जमलेले. नणंद दाराला पाठ लावून उभी. मालक म्हणाला, "मॅडम, सांगा ह्यांना. तुमचा प्रोग्राम चुकतो का?"

कप्पेवालीनं लॅपटॉप उघडला आणि त्याच्यापुढे सरकवला. "हा कप्पा बघा. काय दिसतं?"

"काही नाही."

"बरोबर. काही नाही. शून्य नाही, काही नाही. सेन्सर बर्फात असता तर इथे शून्य लिहून आलं असतं. सेन्सर बंदच पडला होता."

"मग भिंतीवर शून्य कुठून आलं?"

"मी दाखवलं. रिकाम्या कप्प्याचं शून्य होणार नाही ही खबरदारी प्रोग्रामात घ्यायची होती. मी घेतली नाही."

मग मालकाच्या चेहऱ्यावर शहाणं हसू आलं. "आलं लक्षात. घरचं माणूस. सांभाळून घेताय."

"कुणाला? ह्यांना?" कप्पेवालीचा आवाज चढला. "मी? ह्यांना सांभाळून घेऊ? मालक, तुम्ही आमच्याकडे एकदा जेवायलाच या."

"खरं आहे ते," नणंद दारातून म्हणाली. "ही बाई मला बुडताना बघेल आणि पाणी कितपत खोल आहे ते लिहून ठेवेल."

"कप्प्यात," कप्पेवाली म्हणाली.

"कप्प्यात!"

म्हातारा हमाल खोकत खोकत हसला. "मालक, ह्या दोघींचं पटत नाही हे साऱ्या गोडाऊनला ठाऊक आहे. स्क्रीन लागला तेव्हापासून ही बाई रोज वहिनीचा उद्धार करूनच डबा उघडते. ती हिच्यासाठी खोटं बोलेल? ती हिच्यासाठी खरं बोलली ह्याचंच मला नवल वाटतंय."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं भांडण कुणाच्या उपयोगी पडलं. मालकानं वायरमनला तीन नंबरची विजेची पेटी उघडायला लावली. आत ओल शिरलेली, वायर जळून काळी. गारवा सोडणारा पंखा आणि सेन्सर एकाच वायरवर, म्हणून दोघं एकदमच गेले होते, आणि बाकीच्या खोल्यांच्या घरघरीत एक आवाज कमी झालेला कुणाच्या कानाला कळला नाही.

मालकानं किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. "ठीक आहे. उद्यापासून या."

नणंदेनं हात पुढे केला नाही. "आधी म्हणा."

"काय?"

"बर्फ ठेवला नव्हता. जेवढ्या लोकांसमोर बर्फ म्हणालात तेवढ्यांसमोर म्हणा. ट्रकवाला गेलाय, त्याला फोन लावा."

मालकानं कप्पेवालीकडे पाहिलं. कप्पेवाली लॅपटॉपची वायर गुंडाळत होती, तिनं मान वर केली नाही. मालकानं म्हटलं. फोनही लावला. ट्रकवाल्याला आधी काही कळेचना, तेव्हा त्याला दोनदा म्हणावं लागलं. मग नणंदेनं किल्ल्या कमरेला लावल्या आणि मालकाला सांगितलं, की काचेचे थर्मामीटर दारांवर परत लागतील आणि मी फेऱ्या मारीन, तुमचं फर्मान तुमच्यापाशी.

मालकाचा राग आता कप्पेवालीकडे वळला, आणि त्यात वावगं काही नव्हतं. तो तिला ऑफिसभर ऐकू जाईल असं बोलला. दुपारी तिच्या साहेबाला फोन गेला. मग साहेब बोलला. तीच चूक दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या प्रोग्रामांतही होती. एकेकाला फोन करून सांगावं लागलं, आणि ती यादी साहेबानं शेजारच्या फोन नंबरवाल्याकडून करून घेतली. त्यानं ती यादी देताना एक शब्द काढला नाही. फक्त चहाला चलता का, असं विचारलं. ती गेली नाही.

संध्याकाळी नणंद तिला जिन्यात गाठून उभी राहिली. "एक विचारू? तुम्हाला हे खरं कधी कळायला हवं होतं?"

कप्पेवालीनं पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही जेवताना म्हणालात, हलत नाही. सेन्सर जिवंत असेल तर आकडा जरातरी हलतोच. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर ताट सोडून उठले असते. मी ऐकत नव्हते."

"ऐकत नव्हतात हे मला माहीत होतं. म्हणून तर दोनदा सांगितलं."

"तुम्ही फुशारकी मारत होतात."

"मारत होते. मग? फुशारकीत खोटं होतं का काही?"

"नव्हतं."

"मग वाट सोडा, मला वर जायचंय."

वाट खरी अडवली होती नणंदेनंच. पण कप्पेवाली बाजूला झाली.

सुधारलेला प्रोग्राम लावायला कप्पेवालीला पुन्हा स्टोरेजवर जावं लागलं. मालकानं अट घातली होती: सेन्सर मुद्दाम बंद करून बघायचा आणि ते बघताना दोघीही हजर पाहिजेत. मग नणंद तीन नंबरच्या खोलीत, कप्पेवाली स्क्रीनसमोर, मधे मोबाईल.

"काचेवर किती?" कप्पेवालीनं विचारलं.

"शून्याच्या वर जरासं. तुमच्याकडे?"

"तेवढंच. आता सेन्सरची वायर काढा."

"काढली."

तीन नंबरच्या चौकटीतला आकडा गेला. त्याच्या जागी "माहिती नाही" आलं, चौकट लाल झाली आणि भोंगा वाजायला लागला. आत काही नाही, तर बाहेरही काही नाही. कप्पेवाली त्या दोन शब्दांकडे बघत राहिली.

"दिसलं का? अहो, बोला की! माणूस गोठतंय इथे."

"दिसतंय, दिसतंय. थांबा जरा, नीट बघू द्या," कप्पेवाली म्हणाली. तिला नीट दिसत होतं. तरी तिनं नणंदेला आणखी थोडं उभं ठेवलं.

फोन बंद झाला. मग दोन नंबरची चौकट लाल झाली. तिकडची वायर काढायचं ठरलेलं नव्हतं. मग एक नंबर. दारं धाडधाड उघडत होती, किल्ल्या वाजत होत्या. मग चार, मग पाच. सगळे भोंगे एका सुरात कोकलायला लागले, हमाल हातातलं टाकून बाहेर आले आणि मालक चहाचा कप घेऊन धावत सुटला.

"काय चाललंय काय? वेड लागलंय का त्या बाईला?"

कप्पेवालीनं स्क्रीनवरची एकेक चौकट तपासली. सगळीकडे "माहिती नाही". एकही शून्य नाही.

"काही नाही मालक," ती म्हणाली. "वन्सं काम तपासतायत."